बेळगाव-खानापूर-चंदगड: गाड्या नसलेल्या मुरूम रस्त्यांचा धागा

लाल_धूळ

बेळगावातून सायकल बाहेर काढली की चार रस्ते समोर येतात. पुणे-बेंगळूर हायवे, खानापूरवरून गोव्याला जाणारा, जांबोटीवरून चोर्ल्याचा आणि हिंडलग्यावरून वेंगुर्ल्याचा. चारही आता सायकलवाल्याच्या कामाचे राहिलेले नाहीत. चोर्ल्याला शनिवार-रविवारी उजाडल्यावर जाणं म्हणजे मागून येणाऱ्या प्रत्येक हॉर्नला नमस्कार करत गटारीकडे सरकणं.

पण या चार रस्त्यांच्या मधल्या मोकळ्या भागात भरपूर काही आहे. शेतांच्या पाणंदी, गावागावांना जोडणाऱ्या जुन्या गाडीवाटा, कालव्यांचे बांध, अजून डांबर न पडलेले मुरमाचे रस्ते. तासभर चालवली तरी दोन बैलगाड्या आणि एखादा दूधवाला, एवढीच वाहतूक. त्यांची माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा.

आपल्याकडे कुठलाही मार्ग विचारताना आधी महिना सांगावा लागतो. बेळगावच्या पश्चिमेला जांभा आणि तांबडी माती, पूर्वेला काळं रान. मधे शहर. जांभ्यावर पाणी थांबत नाही, पाऊस उघडला की तासाभरात वाट चालवण्याजोगी होते. काळ्या मातीत एक सर पडली तरी चाक फिरायचं थांबतं, फोर्कमध्ये चिखलाचा गोळा अडकतो आणि सायकल खांद्यावर येते. म्हणून माझा ढोबळ हिशेब असा: पावसाळ्याची दोन्ही टोकं आणि उन्हाळा पश्चिमेला, दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत पूर्वेला.

पश्चिमेचे माझे आवडते पट्टे:

राकसकोप-तुडये-बैजनाथ. बेळगावला पिण्याचं पाणी देणारं राकसकोप धरण मार्कंडेय नदीवर आहे. बेळगुंदी, सोनोली, यळेबैल या गावांच्या मधल्या पाणंदी जोडत गेलात तर मोठा रस्ता फारसा लागत नाही. धरणाच्या पलीकडे तुडये, म्हणजे चंदगड तालुका. राज्य बदललं हे मोबाईलला आणि पाट्यांना कळतं, वाटेला कळत नाही. तिथून देवरवाडीकडे जाऊन बैजनाथाचा डोंगर चढायचा. शेवटचा चढ डांबरी आहे पण गाड्या कमी. वर महिपाळगडावर तटाच्या आत अख्खं गाव नांदतंय, चहा विचारला की मिळतो.

येळ्ळूर-राजहंसगड. गडाच्या पायथ्याची भातशेती हेच खरं कारण, बेळगाव बासमती इथलाच. गडावर मार्च २०२३ मध्ये शिवरायांचा मोठा पुतळा उभा राहिल्यापासून रविवारी वर गाड्यांची रांग असते. त्यामुळे गडाला फक्त वळसा घालायचा, वर जायचं ते मधल्या वारी आणि पहाटे.

खानापूर-नंदगड-हलशी. याबद्दल खानापूरकरांनीच लिहावं, मी पाहुणा.

मार्गाच्या जीपीएस फायली इथे टाकणार नाही. कारण पुढे वाद होईल तेव्हा सांगतो, होणारच आहे.

डेक्कन_पंक्चर

भारी धागा! पुण्याहून मेमध्ये चार जण येतोय. पण फाइल नाही म्हणजे काय राव? "बेळगुंदी-सोनोलीच्या मधल्या पाणंदी" यावरून मी पोचणार कुठे? आणि टायर किती जाड लागतील?

जुना_रॅले

पोचाल की. आम्ही चौकात उभ्या माणसाला विचारून पोचायचो.

मी कडोली भागातला. आमच्या लहानपणी भाजीच्या करंड्या सायकलच्या कॅरिअरला बांधून पहाटे रविवार पेठेत आणायची माणसं. बावीस इंची काळी सायकल, दगडी रस्ता, मागे मणभर ओझं. तुम्ही ज्याला ग्रॅव्हल म्हणता तो आमचा रोजचा रस्ता होता आणि टायर सव्वा-दीड इंची. तेव्हा टायरवरून फार काळजी करू नका, हवेवरून करा.

लाल_धूळ

काका, अगदी. डेक्कन, वजन सत्तरच्या आसपास असेल तर चाळीस मिमी टायरला पस्तीसेक पीएसआय हवा, मागे थोडी जास्त. पश्चिमेला अडतीस मिमीही चालतो, पण जांभ्याचे कातळ उघडे पडलेत तिथे चाळीसच्या खाली रिमला मार बसतो. चढ तीव्र आहेत, पुढची सर्वांत लहान आणि मागची सर्वांत मोठी चकली निदान सारख्या दातांची हवी. पूर्वेला येणार असाल तर ट्यूबलेस शिवाय येऊच नका. वेड्या बाभळीचे काटे आहेत सगळीकडे. टायरातलं पंक्चर बुजवणारं सीलंट उन्हाळ्यात लवकर वाळतं, निघायच्या आधी टायर कानाशी धरून हलवून बघा, आतून चुळूकचुळूक ऐकू आलं पाहिजे.

खानापूरवाला

बोलावलास म्हणून आलो बे.

खानापूर स्टेशनातनं भायेर पडलास की मलप्रभेच्या काठानं असोग्याकडं जा. देऊळ हाय, घाट हाय, सकाळी एकदम शांत. तिथनं हायवे ओलांडायचा तेवढा जीव मुठीत धरून, एकदा नंदगडच्या बाजूला गेलास की मग मोकळं. नंदगडात संगोळ्ळी रायण्णाची समाधी. २६ जानेवारी १८३१ ला इंग्रजांनी त्याला तिथंच फाशी दिली. त्या दिवशी आणि आसपास गर्दी असते, बाकी वर्षभर कोण नसतंय. पुढं हलशीपर्यंत शेतातनं आणि काजूच्या बागांतनं गाडीवाटा हायत. सगळ्या सरळ नाहीत, मधे वढा लागतो, सायकल उचलून घ्यायची.

हलशीत मात्र बसा जरा. एवढं लहान गाव, पण पाचव्या शतकात कदंबांची दुसरी राजधानी हुती, पलाशिका म्हणून. भूवराह नरसिंहाचं देऊळ नंतरचं, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं. देवळासमोर सायकल टेकवून ठेवलीस तर कोण हात लावत नाही, पण पोरं घंटी वाजवून वाजवून जीव घेतात.

आता सांगूलालो ते नीट ऐका. एप्रिल-मे काजूचा हंगाम. बागेत बिया पडलेल्या असतात आणि चोऱ्या होतात. परका माणूस बागेतनं गेला की संशय येतोच. तेव्हा बागेत थांबून फोटो काढत बसू नका, माणूस दिसला की आधी हाक मारा. "मामा, ही वाट हलशीला जाते का?" एवढं विचारलं तरी पुरतंय. मग ते स्वतःच पुढची वाट दाखवतात, आणि बहुतेक करून पाणीही.

निळी_फ्रेम

मी बहुतेक वेळा एकटी चालवते, त्यामुळे थोडं माझ्याकडून. पश्चिमेच्या गावांत मला कधी भीती वाटलेली नाही, "एकटीच आलीयस? घरात सांगून आलीयस काय?" हा प्रश्न मात्र प्रत्येक वळणावर. उत्तर द्यायचं, ते काळजीनंच विचारतात.

खरी अडचण पाण्याची आणि आडोशाची. गावातली शाळा सुरू असेल तर तिथे विचारायचं, बाई असतातच. देवळांच्या आवारातही सोय असते हल्ली. आणि कुत्री. धनगरवाड्यांवरची कुत्री गुरं राखणारी आहेत, पळालात तर पायाला लागतील. उतरायचं, सायकल मधे धरायची, चालत पुढे जायचं, कोणीतरी आवाज देतंच.

वाघाटी

धागा चांगला आहे म्हणूनच काळजी वाटते.

लोक "जंगलातली ग्रॅव्हल" शोधत हेम्माडगा, तळेवाडी, गवाळी, आमगावकडे वळणार हे उघड आहे. हा भाग भीमगड अभयारण्याचा किंवा त्याला लागून असलेल्या राखीव जंगलाचा. अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटर. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं, जे बराच काळ जगात इतर कुठेच माहीत नव्हतं. खानापूर-हेम्माडगा-अनमोड हा सार्वजनिक रस्ता आहे, त्यावरून जाता येतं, पण रस्ता सोडून आत चाक घालणं म्हणजे परवानगीशिवाय अभयारण्यात शिरणं. वन्यजीव कायदा सायकल आणि जीप यात फरक करत नाही.

कायदा बाजूला ठेवा. अस्वलं आहेत. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात अस्वलाच्या हल्ल्यात माणसं जखमी झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता. गाडीचा आवाज अस्वलाला लांबून कळतो. सायकल आवाज न करता वळणावरून एकदम समोर येते, आणि दचकलेलं अस्वल सरळ अंगावर येतं. आपल्याला सायकलचा जो गुण वाटतो तोच तिथे धोका.

त्यामुळे फाइल टाकू नका, हा निर्णय बरोबर.

डेक्कन_पंक्चर

जंगलाचं पटलं. पण पाणंद हा सार्वजनिक रस्ता आहे, तिची फाइल टाकायला काय हरकत? उलट चार लोक जास्त आले तर गावातल्या हॉटेलवाल्याचाच फायदा. माहिती दाबून ठेवणं हा मला थोडा आपमतलबीपणा वाटतो.

लाल_धूळ

हा तो वाद. माझं कारण जंगलापेक्षा साधं आहे. फाइल एका दिवसाची असते. फेब्रुवारीत मी ज्या बांधावरून गेलो तिथे जुलैत गुडघाभर पाण्यात भाताची लावणी चालू असते. बांधावरून चाक गेलं की बांध ढासळतो आणि पाणी खालच्याच्या शेतात जातं, मग दोन भाऊबंदांत भांडण. नोव्हेंबरात त्याच वाटेवर भाताच्या गंज्या. नाचणी-कुळीथ तर लोक रस्त्यावरच पसरतात, गाड्यांच्या चाकाखाली मळणी व्हावी म्हणून. सायकलवाल्यानं त्यावरून जाऊ नये, घसरतो आणि शिव्याही खातो. फाइल यातलं काही सांगत नाही. ती म्हणते सरळ जा.

आणि ज्याच्याकडे फाइल असते तो कोणाला विचारत नाही. विचारलं नाही की खानापूरवाल्यानं सांगितलेला काजूवाला मामा काठी घेऊन येतो.

खानापूरवाला

डेक्कन, तुझंही बरोबर हाय. सायकलवाले आले तर आमच्याकडं कुणाला राग नाही. राग हाय तो जीपा घेऊन, सायलेन्सर काढून वढ्यात चिखल उडवूलालेत त्यांचा. एकदा अशी टोळी आली की पुढचे दोन महिने हेल्मेट घातलेला कुठलाही माणूस गावाला नको वाटतो. फाइल टाकलीस तर ती फक्त सायकलवालेच बघतील असं हाय काय?

हिरण्यकेशी

संकेश्वरकडून नमस्कार. सगळे पश्चिमेला पळालात, पूर्वेचं कोणी बोलेना.

आमच्याकडे डोंगर बुटके आहेत पण रस्ते लांबच लांब. घटप्रभेचा डावा कालवा धूपदाळच्या बंधाऱ्यापासून निघतो, उजवा हिडकल धरणातून. दोन्हींच्या काठानं पाटबंधारे खात्याचा मुरमाचा रस्ता आहे. सगळीकडे चांगला नाही, कुठे झुडपं वाढलीत, कुठे फाटक बंद. पण जिथे चांगला आहे तिथे मैलोनमैल चढ ना उतार, एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला ऊस. धूपदाळच्या पाणथळीला हिवाळ्यात पक्षी येतात, ते घटप्रभा पक्षी अभयारण्य. दुर्बीण असेल तर घ्या.

तिथून गोकाकच्या बाजूला वालुकाश्माचे डोंगर सुरू होतात. गोकाकचा धबधबा बावन्न मीटरचा, पावसाळ्यात बघण्यासारखा खरा पण तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि आमची काळी माती तुम्हाला पोचूही देणार नाही. त्यापेक्षा ऑक्टोबरच्या शेवटी गोडचिनमलकीला जा. लाल_धूळची राकसकोपची मार्कंडेय नदीच तिथे दोन टप्प्यांत खाली उडी मारते. नदी उगमाकडून इथपर्यंत सायकलनं धरत यायची असा बेत माझ्या डोक्यात कधीचा आहे, मधे हायवे ओलांडावा लागतो तेवढंच.

आमचं वैर कुणाशी असेल तर ते उसाच्या ट्रॅक्टरशी. कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस. मुरमाच्या रस्त्यावर ते हातभर खोल चाकोऱ्या पाडतात, त्यात पुढचं चाक गेलं की बाहेर काढता येत नाही. गाण्यांचा आवाज एवढा असतो की मागून तुम्ही ओरडलात तरी ऐकू जात नाही. ट्रॅक्टर दिसला की उतरून उसात उभं राहायचं. कमीपणा मानायचा नाही.

गोकाक, हुक्केरीच्या आतल्या भागात मराठी कमी चालते. "ई दारी एल्लिग होगतैत्री?" एवढं पाठ करून या. उत्तर कळलं नाही तरी हात कुठल्या दिशेला करतायत ते कळतं.

निळी_फ्रेम

वाऱ्याचं कुणी लिहिलं नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, आणि तो काही झुळूक नसतो. सकाळी ताजे असताना राकसकोपच्या दिशेला तोंड करून जायचं आणि येताना वाऱ्यावर घरी यायचं. हिवाळ्यात उलटं, सकाळचा वारा पूर्वेचा. कालव्यावर तर आडोसाच नाही. मी हिवाळ्यात बेळगावातून रेल्वेनं घटप्रभेपर्यंत जाते आणि पाठीवर वारा घेऊन पश्चिमेकडे परत येते.

डेक्कन_पंक्चर

वा, हे कुठल्याच फाइलमध्ये मिळालं नसतं. हरलो असं समजा. पावसाळ्यात जांभ्यावर खरंच चालवता येते? कणकुंबी भागात तर प्रचंड पाऊस.

लाल_धूळ

कणकुंबी-आमगाव म्हणजे कर्नाटकातल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांपैकी. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे जाऊ नकोस. ओढे तासाभरात चढतात, चिखले-पारवाडच्या धबधब्यांवर वनखातं लोकांना अडवतं आणि बरोबर करतं. मी "पावसाळ्याची दोन्ही टोकं" म्हटलं ते जून सुरू होताना आणि सप्टेंबर सरताना, तेही राकसकोप-येळ्ळूरकडे. चिखल होत नाही, पण शेवाळ होतं. उतारावर ओल्या कातळावर ब्रेक दाबला की सायकल आडवीच. ब्रेक कातळ यायच्या आधी. जळवांना मीठ-तंबाखू सोबत.

वाघाटी

जळवा दिसतात म्हणून त्यांची भीती. मला गोचिडांची जास्त वाटते. माकडताप गोचिडीतून पसरतो आणि त्याचा काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका तुमचा सायकलचा हंगाम. आपल्या सीमेला लागून असलेल्या दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरी भागात २०१६ च्या सुमारास या तापानं माणसं दगावली आहेत. पाचोळ्यावर बसू नका, सायकल आडवी टाकून तिथेच लोळू नका. लांब मोजे घाला, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, अंग नीट तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. जंगलाच्या कडेच्या फेरीनंतर ताप आलाच तर डॉक्टरांना कुठे गेला होतात ते आवर्जून सांगा.

जुना_रॅले

त्यात कुंपणाचंही घाला. रानडुकरांसाठी काही जण तारेत करंट सोडतात. बेकायदेशीर आहे, तरी सोडतात. अंधारात शेतातून जाऊ नका आणि कुठलीही तार हातानं बाजूला करू नका. पहाटे निघायची तुमची हौस असते, पण उजाडेपर्यंत डांबरीवरच राहा.

डेक्कन_पंक्चर

अस्वल, गोचीड, करंट, काजूवाले मामा. घरी हा धागा दाखवणार नाही.

ठरलं आमचं. मेचा पहिला आठवडा, खानापूर-नंदगड-हलशी. बेळगावात उतरून पुढे खानापूरला सायकली रेल्वेनं नेता येतील का? आणि वळीव आला तर?

निळी_फ्रेम

चाकं काढून पिशवीत घातलेली सायकल सामान म्हणून गर्दी नसलेल्या गाडीत नेता येते, माझी तरी कुणी अडवलेली नाही. अख्खी सायकल असेल तर पार्सल खिडकीवर बुक करावी लागते आणि ती त्याच गाडीनं येईल याची खात्री आधी करून घ्यायची. खानापुरात गाडी थोडाच वेळ थांबते, चौघांनी एकाच दारात थांबा. नाहीतर बेळगाव ते खानापूर जेमतेम पंचवीस किलोमीटर आहे. देसूर-इदलहोंड बाजूनं आतल्या रस्त्यानं या, हायवे बराचसा टळतो.

खानापूरवाला

वळीव रात्री पडला तर काय बिघडत नाही, सकाळी जांभ्यावर धूळ बसलेली असते, उलट मजाच. दुपारी आभाळ भरून आलं तर मात्र माळावर राहू नका. विजा वाईट असतात तिकडं, झाडाखालीही थांबायचं नाही, गाव गाठायचं. हलशीतनं परतताना तीनच्या आत नंदगडात या. रविवारी येऊलाल्यात काय ते आधी कळवा, मी स्टेशनात येतो. पहिला वढा कुठं ओलांडायचा ते पावसानं दरवर्षी बदलतंय, यंदाचा मी अजून बघितलेला नाही, तुम्ही यायच्या आधी जाऊन बघून ठेवतो.